जीवनानुकारी खेळ

माणसाच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या वाटचालीचे किंवा तिच्यातील एखाद्या टप्प्याचे नियमबद्ध अनुकरण ज्यांत केलेले असते, अशा खेळांचा एक वर्ग. शिक्षण, व्यवसाय, विवाह, मैत्री, संततिसंगोपन, अर्थार्जन, आजारपण, गुन्हा व शिक्षा, वार्धक्य हे ह्या खेळांचे विषय होत. खेळाडू एक काल्पनिक आयुष्य हाती घेतो व वेळोवेळी समोर येणाऱ्या पर्यायांतून निवड करीत ते शेवटास नेतो. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून ह्या वर्गातील सर्वांत प्रचलित प्रकार मोबाइल दूरध्वनीवर खेळला जातो. त्यासाठी हातांचे विशेष कौशल्य, प्रतिस्पर्धी किंवा दीर्घ बैठक यांपैकी कशाचीच आवश्यकता नसते. पडद्यावरील दोनचार ओळींचा मजकूर वाचावा, खालच्या पर्यायांपैकी एकावर बोट ठेवावे आणि परिणाम पाहावा, एवढेच खेळाडूला करावयाचे असते. अर्ध्या तासाच्या प्रवासात ऐंशी वर्षांचे एक आयुष्य त्यामुळे जगून संपविता येते.

मोबाइलवरील हे रूप नवे असले, तरी आयुष्याचा खेळ मांडण्याची कल्पना जुनी आहे. असा खेळ रचणाऱ्याला एका प्रश्नाचे उत्तर आधीच द्यावे लागते : कोणते आयुष्य जिंकले व कोणते हरले असे म्हणावयाचे? पटावरील शेवटचे घर कोणते, कोणत्या कृतीला किती गुण, कोणत्या चुकीला किती दंड, हे ठरविताना रचनाकार सार्थ जीवनाविषयीची आपली व आपल्या समाजाची कल्पना नकळत नियमांत उतरवीत असतो. ह्या खेळांच्या इतिहासात ती कल्पना मोक्ष, सदाचार, संपत्ती आणि अखेरीस खेळाडूची स्वतःची मर्जी अशी बदलत गेलेली दिसते. तिच्याबरोबर निर्णय घेण्याचे खेळाडूचे स्वातंत्र्यही बदलत गेले. हा दुहेरी बदल हाच प्रस्तुत विषयाच्या इतिहासाचा गाभा होय.

मोक्षपट : ज्ञानचौपड, ज्ञानबाजी, मोक्षपट अशा नावांनी ओळखले जाणारे भारतीय पट हे जीवनानुकारी खेळांचे एक महत्त्वाचे पूर्वरूप आहे. उपलब्ध पट मुख्यतः अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहेत. जैन परंपरेतील पटांत सामान्यतः ८४, वैष्णव परंपरेतील पटांत ७२ व सूफी परंपरेतील पटांत १०१ घरे आढळतात. घरांना सद्‌गुण, दुर्गुण, मनाच्या अवस्था व निरनिराळे लोक यांची नावे दिलेली असतात. सद्‌गुणाच्या घरातून शिडी वर नेते, तर दुर्गुणाच्या घरातील साप सोंगटीला खाली आणतो. महाराष्ट्रात ह्या खेळाचे जनकत्व ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. ही समजूत परंपरेवर आधारलेली आहे. मराठी मजकूर असलेले मोक्षपटही उपलब्ध आहेत.

ह्या पटांवर खेळाडूला निवडीचा अधिकार नाही. कवड्यांचे किंवा फाशांचे दान पडेल तितकी घरे सोंगटी चालते आणि ती जेथे थांबेल तेथील फळ तिला भोगावे लागते. आधुनिक वाचकाला हा उणेपणा वाटेल. परंतु खेळाच्या आशयाशी तो सुसंगत आहे. दानाला येथे पूर्वकर्माचे स्थान आहे. पुनःपुन्हा घसरूनही सोंगटीने पुन्हा चढत राहावे आणि अखेर मोक्षाच्या घरी पोहोचावे, हाच त्या खेळाचा बोध होता. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पोहोचला व १८९० नंतरच्या दशकात त्याच्या इंग्रजी आवृत्त्या तेथे विकल्या जाऊ लागल्या. आरंभीच्या इंग्रजी पटांवर सद्‌गुण-दुर्गुणांची चित्रे होती. पुढे ती गळून पडली आणि केवळ सापशिडी उरली. घरांची नावे पुसली जाताच आयुष्याचा पट निव्वळ अंकांचा पट झाला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

यूरोपीय नीतिपट : यूरोपात सोळाव्या शतकात इटलीमध्ये प्रसृत झालेल्या हंसाच्या खेळापासून एका सर्पिल वाटेवर सोंगट्या चालविण्याचा प्रघात पडला. ह्याच आराखड्यावर १७९० मध्ये लंडन येथे जॉन वॉलिस व एलिझाबेथ न्यूबेरी ह्या प्रकाशकांनी ‘द न्यू गेम ऑफ ह्यूमन लाइफ’ हा पट प्रसिद्ध केला. त्यात माणसाचे आयुष्य ८४ वर्षांचे कल्पून प्रत्येक वर्षाला एक घर दिले होते आणि बारा बारा वर्षांच्या सात अवस्था पाडल्या होत्या. फासे हे जुगाराचे साधन मानले जात असल्याने त्यांऐवजी अंक लिहिलेली भिंगरी वापरली जाई. प्रत्येक घरापाशी थांबून त्यातील व्यक्तिरेखेचा बोध पालकांनी मुलांना समजावून द्यावा, अशी सूचनाही खेळासोबत होती. इंग्लंडमध्ये १८०० मध्ये निघालेला ‘द मॅन्शन ऑफ हॅपिनेस’ हा पट त्याच परंपरेतील असून त्याची अमेरिकन आवृत्ती १८४३ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील सेलम येथे प्रसिद्ध झाली. ह्या पटांतही खेळाडू निवड करीत नाही; भिंगरी नेईल तेथे तो जातो आणि उपदेश ऐकतो.

निवडीचा प्रवेश : अमेरिकन शिलामुद्रक मिल्टन ब्रॅड्ली (१८३६–१९११) ह्याने १८६० मध्ये तयार केलेला ‘द चेकर्ड गेम ऑफ लाइफ’ हा खेळ ह्या इतिहासातील पहिले मोठे वळण होय. ब्रॅड्लीच्या मुद्रणालयाने अब्राहम लिंकन यांचे दाढी नसलेले चित्र छापले होते. लिंकन यांनी दाढी राखल्यावर त्या चित्राची विक्री थांबली आणि ब्रॅड्ली अडचणीत आला. ह्या खेळाने त्याला सावरले. पहिल्या हंगामातच त्याच्या ४०,००० हून अधिक प्रती खपल्या.

बुद्धिबळाप्रमाणे ६४ घरांच्या ह्या पटावर ‘बाल्य’ ह्या घरापासून प्रारंभ होऊन ‘सुखी वार्धक्य’ ह्या घराकडे वाटचाल होते. भिंगरीवर आलेला अंक सोंगटीने उभे, आडवे की तिरपे चालावे आणि किती घरे चालावे एवढेच सांगतो. वर की खाली, उजवीकडे की डावीकडे, हे खेळाडूने ठरवावयाचे असते. दैव मर्यादा घालून देते व त्या मर्यादेत माणूस निवड करतो, ही पुढील सर्व जीवनानुकारी खेळांची मूलभूत रचना येथे प्रथमच स्पष्टपणे दिसते. शंभर गुण मिळविणारा जिंकतो आणि ‘सुखी वार्धक्य’ गाठल्याबद्दल एकदम पन्नास गुण मिळतात. जुगाराच्या घरावरून विनाशाकडे, आळसाच्या घरावरून अप्रतिष्ठेकडे जावे लागते. दारिद्र्याचे घर पाळण्याजवळच आहे. परंतु आयुष्याच्या आरंभी दारिद्र्य हे अहितकारक ठरेलच असे नाही, म्हणून खेळात त्याबद्दल कोणताही दंड नाही, असे स्पष्टीकरण ब्रॅड्लीने नियमांत दिले होते. स्वतःच्या कष्टाने वर येता येते ही त्या काळच्या अमेरिकन समाजाची श्रद्धा एका नियमात कशी सामावली जाते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

ब्रॅड्लीच्या उद्योगसंस्थेच्या शताब्दीनिमित्त १९६० मध्ये रूबेन क्लेमर (१९२२–२०२१) ह्या रचनाकाराने ‘द गेम ऑफ लाइफ’ हा नवा खेळ सिद्ध केला. नाव जवळजवळ तेच असले, तरी मूल्ये पालटलेली होती. प्लॅस्टिकच्या छोट्या मोटारीत बसून खेळाडू महामार्गावरून निघतो. महाविद्यालयात जावे की सरळ व्यवसायात शिरावे, ही निवड आरंभीच करावी लागते. वाटेत विवाह होतो, मुले होतात, विमा उतरविता येतो, समभाग घेता येतात. शेवटी हिशेब होतो तो केवळ पैशांचा. यशस्वी खेळाडूला लक्षाधीशांची वसाहत व हरलेल्याला गरीबगृह मिळते. सद्‌गुणांची घरे पटावरून नाहीशी झाली होती. यावर झालेल्या टीकेचा परिणाम म्हणून १९९१ च्या आवृत्तीत परोपकारासारख्या सत्कृत्यांसाठी बक्षिसांच्या सोंगट्या ठेवण्यात आल्या. परंतु अखेरच्या हिशेबात त्यांचेही मूल्य पैशांतच मोजले जाई.

निवडीच्या तत्त्वाला दुसरी दिशा पुस्तकांनी दिली. अमेरिकेत १९७९ पासून निघालेल्या ‘चूज युअर ओन अ‍ॅड्व्हेंचर’ ह्या बालपुस्तकमालेत वाचकाला ‘तू’ असे संबोधून कथा सांगितली जाई आणि ठरावीक पानांच्या शेवटी पर्याय देऊन त्यांनुसार निरनिराळ्या पानांवर पाठविले जाई. एडवर्ड पॅकार्ड हा ह्या कल्पनेचा जनक मानला जातो. मोबाइलवरील खेळांची दुसऱ्या पुरुषातील निवेदनशैली आणि पर्यायांची मांडणी यांवर अशा पुस्तकांची छाप स्पष्ट दिसते.

संगणकावरील खेळ : घरगुती संगणकाच्या प्रसारानंतर आयुष्याच्या अनुकरणाला पटाची मर्यादा उरली नाही. ‘लिटल कंप्यूटर पीपल’ (१९८५) ह्या खेळात संगणकातील एका घरात राहणाऱ्या लहानशा माणसाची दिनचर्या पाहणे, त्याला खाऊपिऊ घालणे व त्याच्याशी संवाद साधणे एवढेच खेळाडूला करावयाचे असे; जिंकणे-हरणे त्यात नव्हते. पुढच्याच वर्षी त्याच प्रकाशनसंस्थेने ‘ऑल्टर ईगो’ (१९८६) हा खेळ प्रसिद्ध केला. आजच्या मोबाइलवरील जीवनखेळांचा तो थेट पूर्वज होय. त्याचा कर्ता पीटर फाव्हरो हा व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ होता. लोकांच्या मुलाखतींतून त्याने आयुष्यातील स्मरणीय प्रसंग गोळा केले व त्यांवरून हा खेळ रचला. बाल्यापासून वार्धक्यापर्यंतच्या सात अवस्थांत अनेक प्रसंग येतात. प्रत्येक प्रसंगी भाव व कृती निवडावी लागते आणि त्यांनुसार स्वभावाचे अदृश्य गुणांक बदलत जातात. पुरुष व स्त्री यांच्यासाठी त्याच्या स्वतंत्र आवृत्त्या निघाल्या होत्या. खेळाचा सूर पुष्कळदा समुपदेशकाचा असतो. चुकीच्या निवडीनंतर निवेदक समजुतीच्या वा उपरोधाच्या चार गोष्टी सांगतो. नीतिपटावरील उपदेशकाची जागा येथे मानसशास्त्रज्ञाने घेतलेली दिसते.

अमेरिकेतील सिएरा संस्थेने १९९० च्या सुमारास काढलेल्या ‘जोन्स इन द फास्ट लेन’ ह्या खेळात आणखी एक पाऊल पुढे टाकलेले आढळते. संपत्ती, सुख, शिक्षण व व्यवसाय ह्या चार ध्येयांपैकी कोणत्याला किती महत्त्व द्यावयाचे, हे खेळाडू प्रारंभीच ठरवी. विजयाची व्याख्या अंशतः का होईना, खेळाडूच्या हाती देण्याचा हा प्रयत्न उल्लेखनीय आहे. जपानमध्ये ‘प्रिन्सेस मेकर’ (१९९१) ह्या खेळाने एका दत्तक मुलीला तिच्या दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत वाढविण्याचा विषय घेतला. पालकाच्या निर्णयांनुसार मुलीचे भवितव्य अनेक प्रकारे संपते. त्याच देशात नोव्हेंबर १९९६ मध्ये ‘तामागोची’ हे तीन बटणांचे अंडाकृती यंत्र बाजारात आले. त्यातील काल्पनिक प्राण्याला वेळच्या वेळी खाऊ घालावे लागे. दुर्लक्ष झाल्यास तो मरे. अनुकृत जीवन खिशात बाळगण्याची व दिवसभरात थोडा थोडा वेळ त्याच्याकडे पाहण्याची सवय ह्या यंत्राने लावली.

अमेरिकन रचनाकार विल राइट (१९६०– ) याचा ‘द सिम्स’ हा खेळ फेब्रुवारी २००० मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील वणव्यात राइटचे घर जळाले. संसार नव्याने उभारताना कोणत्या वस्तू खरोखर लागतात, हा विचार ह्या खेळाच्या मुळाशी असल्याचे त्याने सांगितले आहे. भूक, आराम, स्वच्छता, झोप, करमणूक, सहवास इ. आठ गरजा भागवीत खेळाडू एका कुटुंबाचा संसार चालवितो. ह्या खेळाला अंतिम घर नाही, गुणसंख्या नाही व विजयही नाही. तरीही मोठे घर व महाग वस्तू यांमुळे पात्रे अधिक समाधानी होतात, असा नियम त्यात आहेच. २००२ मध्ये तो वैयक्तिक संगणकावरील तोपर्यंतचा सर्वाधिक खपाचा खेळ ठरला. संगणकीय खेळांपासून दूर राहिलेला मोठा वर्ग, विशेषतः स्त्रिया, त्याच्याकडे वळल्या.

‘रिअल लाइव्ह्ज’ ह्या शैक्षणिक खेळाने एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी वेगळा मार्ग स्वीकारला. त्यात खेळाडूचा जन्म जगातील कोणत्याही देशात होऊ शकतो व त्याची संभाव्यता प्रत्यक्ष आकडेवारीवर अवलंबून असते. साहजिकच भारतात वा चीनमध्ये जन्म होण्याचा योग पुष्कळदा येतो. बालमृत्यू, निरक्षरता, साथीचे रोग यांचे प्रमाणही त्या त्या देशाच्या स्थितीनुसार ठरते. जन्मस्थानामुळे निवडीचे क्षेत्र मुळातच किती आकुंचित होते, हे विद्यार्थ्यांना दाखविणे हा त्याचा हेतू होता. ब्रॅड्लीच्या पटावर पाळण्याजवळचे दारिद्र्य निरुपद्रवी होते; येथे मात्र ते आयुष्यभर सोबत राहते.

मोबाइलवरील खेळ : आयफोन २००७ मध्ये निघाला आणि जुलै २००८ मध्ये त्याच्यासाठी आज्ञावलींचे विक्रीकेंद्र (अ‍ॅप स्टोअर) सुरू झाले. अँड्रॉइड प्रणालीचे केंद्रही त्याच वर्षी निघाले. ऑक्टोबर २००९ मध्ये ॲपल कंपनीने विनामूल्य अ‍ॅपच्या आतही वस्तू विकण्यास परवानगी दिली. खेळ फुकट द्यावयाचा आणि उत्पन्न आतील खरेदीतून व जाहिरातींतून मिळवावयाचे, ही पद्धत त्यानंतर रूढ झाली. ‘द सिम्स फ्रीप्ले’ (२०११) ह्या खेळात पात्रांची कामे घड्याळातील खऱ्या वेळेनुसार पूर्ण होतात. ज्याला थांबावयाचे नसेल त्याने पैसे मोजावे, अशी त्याची रचना आहे. ‘किम कार्डॅशियन : हॉलिवूड’ (२०१४–२४) ह्या खेळात प्रसिद्धी हेच आयुष्याचे ध्येय होते. ‘चॉइसेस’ (२०१६) सारख्या कथाप्रधान खेळांत तर निवडच विकाऊ झाली. प्रसंगी दिलेल्या पर्यायांपैकी साधा पर्याय विनामूल्य असतो व अधिक रंजक पर्यायासाठी काल्पनिक हिरे खर्चावे लागतात. हे हिरे हळूहळू साठवावे लागतात किंवा विकत घ्यावे लागतात.

ह्या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे अमेरिकेतील कँडीरायटर ह्या संस्थेचा ‘बिटलाइफ’ होय. तो सप्टेंबर २०१८ मध्ये आयफोनवर व २०१९ मध्ये अँड्रॉइडवर आला. २०२० मध्ये स्वीडनमधील स्टिलफ्रंट ह्या समूहाने ती संस्था विकत घेतली. खेळात चित्रे फारशी नाहीत. नाव, देश, आईवडील व उपजत गुण यांसह एक जन्म मिळतो. आनंद, आरोग्य, बुद्धी व रूप यांच्या चार पट्ट्या पडद्यावर दिसत राहतात. एक बटण दाबले की एक वर्ष सरते व त्या वर्षातील घटनांचा वृत्तांत उमटतो. अधूनमधून प्रसंग उभा राहतो : वर्गमित्राने टोमणा मारला, वरिष्ठाने गैरकृत्य करण्यास सांगितले, वडील आजारी पडले, काय करणार? मृत्यूनंतर एका परिच्छेदात आयुष्याचे सार सांगितले जाते आणि खेळाडूला हवे असल्यास मृताच्या अपत्याचे आयुष्य हाती घेऊन खेळ पुढे चालविता येतो. खेळात अमुकच साधले पाहिजे असे बंधन नाही. संतासारखे जगावे किंवा दरोडे घालावेत. दोन्ही मार्ग मोकळे आहेत. तथापि मृत्यूनंतर प्रत्येक आयुष्याला एक फीत बहाल केली जाते. कोणी ‘धनवान’, कोणी ‘कुटुंबवत्सल’, तर बेताचे जगलेला ‘सामान्य’ ठरतो. पटावरील शेवटचे घर गेले. निवाडा मात्र गेला नाही.

चीनमध्ये २०२१ मध्ये लोकप्रिय झालेल्या ‘आयुष्य पुन्हा सुरू करा’ अशा आशयाच्या नावाच्या एका छोट्या खेळाने याच्या उलट टोक गाठले. रूप, बुद्धी, शरीरप्रकृती व घरची सांपत्तिक स्थिती यांत वीस गुणांची वाटणी करावयाची आणि काही उपजत देणग्या निवडावयाच्या, एवढेच त्यात खेळाडूच्या हाती असते. त्यानंतरचे आयुष्य ओळीमागून ओळ आपोआप उलगडत जाते व त्यात हस्तक्षेप करता येत नाही. सर्व काही आरंभीच ठरते, ही त्याची भूमिका मोक्षपटाच्या जवळ जाणारी आहे. मात्र वर चढण्याचे आश्वासन त्यात नाही.

रचनातत्त्व : प्रत्येक निर्णयाला दोन फाटे फुटतात असे धरले, तर दहा निर्णयांनंतर १,०२४ आणि वीस निर्णयांनंतर १०,४८,५७६ निरनिराळ्या कथा लिहाव्या लागतील. हे अशक्य असल्याने रचनाकार दोन युक्त्या योजतात. एक म्हणजे फुटलेल्या वाटा थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र आणणे. दुसरी म्हणजे निर्णयाचा परिणाम कथेत न ठेवता संख्येत साठविणे. अभ्यास केल्यास बुद्धीचा अंक वाढतो, भांडण केल्यास नात्याचा अंक उतरतो व हे अंक पुढे कोणते प्रसंग उद्‌भवावेत हे ठरवितात. घटनांची एक मोठी यादी असते. प्रत्येक घटनेला वय, आरोग्य, व्यवसाय इत्यादींच्या अटी असतात. अटी पूर्ण करणाऱ्या घटनांतून संगणक यदृच्छेने एक निवडतो. त्यामुळे मर्यादित मजकुरातून प्रत्येक वेळी वेगळे भासणारे आयुष्य निर्माण होते. खेळाडूच्या दृष्टीने ती निवड असते. आज्ञावलीच्या दृष्टीने ती एक बेरीज वा वजाबाकी असते.

फ्रेंच विचारवंत रॉझे कायवा (१९१३–७८) याने १९५८ मध्ये खेळांचे स्पर्धा, दैव, अनुकरण व भोवंड असे चार प्रकार कल्पिले. जीवनानुकारी खेळांत दैव व अनुकरण यांचा संयोग दिसतो आणि स्पर्धा जवळजवळ लोपते. अमेरिकन अभ्यासक इअन बोगोस्ट याने २००७ मध्ये असे प्रतिपादन केले, की खेळ आपले म्हणणे शब्दांपेक्षा नियमांतून पटवितात. आयुष्याच्या खेळांना हे विशेषत्वाने लागू पडते. पैशाने आनंदाची पट्टी वाढत असेल, तर ‘पैशाने सुख मिळते’ असे वाक्य कोठेही न लिहिता खेळाने ते सांगितलेले असते. ज्या गोष्टीला अंक दिलेला नाही, उदा., शेजारधर्म, तिला त्या आयुष्यात स्थानच उरत नाही.

सामाजिक प्रश्न : ह्या खेळांची जमेची बाजू लहान नाही. प्रत्यक्षात परवडणार नाहीत अशा चुका येथे करून पाहता येतात. दुसऱ्या देशातील, दुसऱ्या लिंगाची, दुसऱ्या परिस्थितीतील व्यक्ती होऊन पाहता येते. एका निर्णयाचे फळ पुष्कळ वर्षांनी कसे मिळते, हे काही मिनिटांत प्रत्ययास येते. मृत्यूसारखा विषय किशोरवयीन खेळाडूसमोर सहजपणे येतो आणि त्याबद्दल बोलणे सुकर होते.

दुसरी बाजू मुख्यतः व्यापारी पद्धतीतून उद्‌भवते. अनेक खेळांत झालेली चूक पुसून मागील वर्षात परत जाण्याची सोय, जन्मतःच हवे ते गुण मिळविण्याची सोय किंवा विशेष व्यवसायांचे दालन पैसे मोजून मिळते. मोक्षपटावरील शिडी सद्‌गुणाच्या घरी होती. येथे ती दुकानात आहे. निवडीचे परिणाम भोगावे लागतात हा ज्या खेळाचा मूळ आशय, त्यातच परिणाम टाळण्याची सवलत विकली जावी, ही विसंगती होय. शिवाय खेळणारा पुष्कळदा अल्पवयीन असतो व पैसे पालकांचे असतात. मुलांनी पालकांच्या संमतीशिवाय केलेल्या अशा खरेदीच्या प्रकरणी अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी जानेवारी २०१४ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार ॲपल कंपनीने किमान ३.२५ कोटी डॉलर परत करण्याचे मान्य केले. आत काय निघेल हे न सांगता विकल्या जाणाऱ्या पेट्या जुगाराच्या कायद्यात मोडतात, असा निर्णय बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये दिला. भारतात २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी अधिनियम संमत केला. त्याने पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले आणि करमणूक वा शिक्षणासाठी असलेले सामाजिक खेळ त्यांपासून वेगळे मानले. जीवनानुकारी खेळांत पैजेची रक्कम जिंकता येत नसल्याने त्यांचे स्थान सामान्यतः ह्या दुसऱ्या वर्गाजवळ येते. परंतु आतील खरेदीचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

सुमारे अडीच शतकांच्या ह्या वाटचालीत खेळाडूचे स्वातंत्र्य निःसंशय वाढले. कवडीच्या दानाने चालणारी सोंगटी आज आपला मार्ग निवडते आणि कोणते आयुष्य चांगले, हेही बऱ्याच अंशी स्वतः ठरविते. तथापि पर्याय कोणते द्यावयाचे, कशाला अंक द्यावयाचा व कशाला किंमत लावावयाची, हे निर्णय पूर्वीप्रमाणेच रचनाकाराकडे राहिले आहेत. जुन्या पटावर ते प्रत्येक घरावर ठळक अक्षरांत लिहिलेले असत व घरातील वडीलधारी माणसे त्यांवर मुलांशी बोलत. मोबाइलवर ते आज्ञावलीच्या पोटात असतात व खेळणारा बहुधा एकटा असतो. म्हणून लंडनच्या प्रकाशकांनी १७९० मध्ये पालकांना केलेली सूचना, म्हणजे मुलांसह मध्येच थांबून खेळ काय सांगतो आहे ते पाहावे, ही अजूनही कालबाह्य झालेली नाही.